फ्लॅक, एमपी३ आणि मूळ प्रत : वाचकांचे प्रश्न

संगणकावरच्या गाण्यांविषयी नाशिक आणि आसपासच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी आठ प्रश्न या वेळी घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक उत्तरात येणार आहे. ध्वनीच्या फाइली दोन जातींच्या असतात. वेव्ह, फ्लॅक आणि एएलएसी या लॉसलेस. सॅम्पल रेट (सेकंदाला ध्वनीचे किती नमुने घेतले) आणि बिट डेप्थ (एक नमुना किती बिटांत लिहिला) तीच ठेवली, तर वेव्हचे फ्लॅक, फ्लॅकचे एएलएसी आणि त्याचे पुन्हा वेव्ह असे शंभर वेळा केले तरी ध्वनीचा एक बिटही बदलत नाही. एमपी३, एएसी आणि ओपस या लॉसी. कानाला जे ऐकू येण्याची शक्यता कमी, ते टाकून देऊन त्या फाइल लहान करतात. टाकलेले पुन्हा कधीच मिळत नाही. म्हणून जे मूळ आहे ते लॉसलेस ठेवा आणि लहान प्रत हवी असेल तेव्हा दर वेळी त्या मुळावरूनच काढा.

माझ्याकडे आठशे भावगीतांच्या एमपी३ होत्या, साडेसात जीबीत मावत. मुलाने दर्जा वाढेल म्हणून सगळ्यांचे फ्लॅक करून दिले. आता एकोणीस जीबी लागतात, पण आवाज तसाच वाटतो. काही चुकले का?
— एक वाचक, इंदिरानगर

तुमचे कान बरोबर सांगतात. आवाज तसाच आहे आणि तसाच राहणार.

तुमच्या आकड्यांवरून फाइली ३२० केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिट वापरणाऱ्या, दिसतात. अशी चार मिनिटांची एमपी३ ९.६ एमबीची होते. ती उलगडली की सीडीच्या मापाचा पूर्ण ध्वनी तयार होतो, म्हणजे चार मिनिटांना सुमारे ४२ एमबी. फ्लॅक तो घडी घालून २०–२५ एमबीत बसवते. एमपी३ने काय गाळले होते हे फ्लॅकला कळण्याचा मार्गच नाही. समोर आलेला प्रत्येक नमुना ते इमानाने जपते, एमपी३ करताना मिसळलेला गोंगाटही त्यात आला.

मूळ एमपी३ अजून कुठे असतील, तर फ्लॅक निर्धास्त पुसून टाका. मुलाने त्या डिलीट केल्या असतील तर मात्र थांबा. आता या फ्लॅकवरून पुन्हा एमपी३ करू नका. दुसऱ्यांदा एन्कोड करताना चौकटी, म्हणजे एमपी३ ध्वनीचे जे छोटे तुकडे पाडते ते, पहिल्या वेळच्या जागी पडत नाहीत, त्यामुळे जुन्या गोंगाटावर नव्याचा थर चढतो. आता हे फ्लॅकच तुमच्याकडची सर्वांत चांगली प्रत आहे. ते सांभाळा, एकोणीस जीबी म्हणजे काही फार नाही.

याच चुकीची दोन भावंडे पत्रांतून नेहमी दिसतात. गाण्याच्या सुरुवातीची शांतता कापायची म्हणून लोक एमपी३ ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडतात आणि पुन्हा एमपी३ म्हणून साठवतात. तिथेही दुसरे एन्कोडिंग होते. नुसते कापायचे असेल तर एमपी३डायरेक्टकट वापरा, ते आहे त्या चौकटी उचलून ठेवते. आवाज लहान-मोठा करायचा असेल तर एमपी३गेन आहे. ते प्रत्येक चौकटीतला पातळीचा आकडा १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलते, ध्वनीला हात लावत नाही आणि केलेला बदल मागेही घेता येतो.

तीनशेच्या आसपास शास्त्रीय संगीताच्या सीडी आहेत. काही छोट्या संस्थांनी काढलेल्या, आता न मिळणाऱ्या. संगणकावर घ्यायच्या तर कशात घ्याव्यात, किती जागा लागेल आणि नीट उतरल्या हे कसे कळेल?
— एक निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड

फ्लॅकमध्ये घ्या. हा फॉरमॅट २००१ पासून आहे, खुला आहे, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये इंटरनेटच्या मानकांतही तो रीतसर नोंदला गेला. तुमच्याकडे सगळी उपकरणे ॲपलचीच असतील तर एएलएसी घेतलेत तरी बिघडत नाही. तेही २०११ पासून खुले आहे आणि दोन्हींमधून एकमेकांत तोटा न होता जाता येते. फक्त एएलएसी आणि लॉसी एएसी या दोन्हींच्या फाइलींना एकच एम४ए हे शेपूट असते, तेव्हा फोल्डर वेगळे ठेवा. वर्षभराने कोणती कोणती हे नावावरून ओळखता येत नाही.

जागेचा हिशेब असा. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, दोन चॅनेल. म्हणजे १,४११ केबीपीएस, तासाला सुमारे ६३५ एमबी. तीनशे सीडी तासाभराच्या धरल्या तर वेव्हमध्ये १९० जीबी. फ्लॅकमध्ये ख्याल-गायन साधारण ५० ते ६० टक्क्यांवर येते, म्हणजे ९५ ते ११५ जीबी. जुनी मोनो ध्वनिमुद्रणे याहून लहान होतात, कारण दोन्ही चॅनेल हुबेहूब सारखे असतील तर फ्लॅक दुसरा जवळजवळ फुकटात बसवते. फ्लॅकमध्ये ० ते ८ अशा पातळ्या असतात. त्यांचा आवाजाशी काहीही संबंध नाही. ८ ला फाइल जराशी लहान होते आणि करायला वेळ जास्त लागतो, इतकेच. नेहमीची ५ ठेवा.

आता खरा मुद्दा, नीट उतरल्याची खात्री. सीडीवरची गाणी नुसती कॉपी-पेस्ट करून येत नाहीत. ड्राइव्हला एखादी जागा वाचता आली नाही तर तो आजूबाजूचे बघून अंदाजाने भरतो, आणि साध्या प्रोग्रॅममध्ये तुम्हाला पत्ताही लागत नाही. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरा, मॅकवर एक्सएलडी. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीत ड्राइव्हच्या पर्यायांत सिक्युअर मोड निवडा. संशयास्पद जागा मग ते पुन्हा पुन्हा वाचते. पहिल्या वेळी एखादी गाजलेली, भरपूर खपलेली सीडी घाला, म्हणजे ॲक्युरेटरिप या ऑनलाइन यादीला तुमच्या ड्राइव्हचा ऑफसेट, म्हणजे तो किती नमुने पुढे-मागे वाचतो हे, ओळखता येईल. पुढे प्रत्येक सीडीचा चेकसम (ध्वनीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडीच्या चेकसमशी आपोआप ताडला जातो. जुळला की निश्चिंत व्हा.

छोट्या संस्थांच्या सीडी त्या यादीत बहुधा सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी 'टेस्ट अँड कॉपी' निवडा. प्रोग्रॅम प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचतो आणि पडताळणीचे दोन सीआरसी आकडे शेजारी छापतो. दोन्ही सारखे असतील तर वाचन भरवशाचे आहे. लॉगची फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवा, ती फेकू नका.

आकडे जुळले नाहीत तर सीडी मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नको. सीडीची दुरुस्ती-यंत्रणा ट्रॅकच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचे नुकसान पूर्ण भरून काढू शकते. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीत तेवढ्यापुरता लागतो आणि भरून निघतो. गोल पुसण्याने पडलेला ओरखडा ट्रॅकच्या बाजूने लांब जातो आणि ती मर्यादा ओलांडतो. वेग कमी करून पाहा, दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हवर पाहा. घरी कॉपी केलेल्या सीडी-आर आधी घ्या. त्यांतला रंगाचा थर उन्हाने आणि वर्षांनी उतरत जातो, छापील सीडीचे तसे होत नाही.

आणखी एक. तुमच्या संग्रहात आलाप एका ट्रॅकवर आणि विलंबित पुढच्या ट्रॅकवर, मध्ये तानपुरा अखंड चालू, अशा सीडी असतील. फ्लॅकमध्ये हा सांधा कळत नाही. एमपी३ मात्र ध्वनीचे १,१५२ नमुन्यांचे, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांचे गठ्ठे करते, आणि पहिल्या व शेवटच्या गठ्ठ्यात शांतता भरते. लेम हा एमपी३ बनवणारा एन्कोडर ही शांतता किती याची नोंद फाइलीत ठेवतो, पण सगळेच प्लेअर ती वाचत नाहीत. मग दर ट्रॅकला तानपुऱ्यात खळ पडतो. अशा सीडींची मोबाइलसाठी प्रत काढताना सगळा राग एकाच फाइलीत घ्या. त्यासाठी सीडी उतरवतानाच क्यू शीटही, म्हणजे कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो याची यादी, बनवून ठेवा.

मित्राने दिलेल्या फ्लॅक फाइली खरोखर सीडीवरून काढलेल्या आहेत की एमपी३वरून फुगवलेल्या, हे ओळखता येते का?
— एक वाचक, सातपूर

बऱ्याचदा येते. स्पेक हा छोटा मोफत प्रोग्रॅम घ्या आणि फाइल त्यावर ओढून टाका. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर वारंवारता असे चित्र दिसते. सीडीवरच्या आजच्या गाण्यात रंग २२ किलोहर्ट्झपर्यंत विरळ होत पोहोचतात. १२८ केबीपीएसच्या एमपी३वरून आलेल्या फाइलीत १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी सपाट रेघ दिसते. १९२ ला ती १९ च्या जवळ असते, ३२० ला २० च्या. ९६ किलोहर्ट्झची म्हणून मिळालेली फाइल २२ च्या वर रिकामी असेल, तर ती सीडीवरून ताणलेली आहे.

पण घाईने निकाल देऊ नका. जुन्या रेकॉर्डवरच्या आवाजात मुळातच वरचे स्वर फारसे नसतात. तिथे रंग हळूहळू विझत जातात, सपाट कापलेले नसतात. एफएम रेडिओचा ध्वनी प्रक्षेपणातच १५ किलोहर्ट्झला थांबतो, म्हणून तिथली सपाट रेघ खोटेपणाची खूण नव्हे. जुन्या टीव्हीच्या खोलीत किंवा टीव्हीवरून मुद्रित केलेल्या फाइलीत १५,६२५ हर्ट्झवर एक बारीक आडवी रेघ शेवटपर्यंत दिसते. ती पिक्चर ट्यूबच्या आडव्या ओळींची शिट्टी आहे, आपल्याकडची पाल पद्धत सेकंदाला तेवढ्याच ओळी काढते. अशी रेघ सापडली की मुद्रण कुठे झाले असावे याचाच धागा मिळतो.

आमच्या ढोल पथकाचे वादन रेकॉर्डरवर घेतो. रेकॉर्डरवर छान वाटते, पण ग्रुपवर टाकण्यासाठी १२८ची एमपी३ केली की ताशा बोथट होतो, झांज पाण्यात बुडाल्यासारखी वाटते. कन्व्हर्टर खराब आहे का?
— पथकातला एक वादक, पंचवटी

कन्व्हर्टर बदलून थोडा फरक पडेल, पण मूळ कारण ताशातच आहे. एमपी३ला याहून अवघड वाद्य क्वचितच सापडेल.

एमपी३ एका वेळी एक लांब तुकडा घेते, त्यातल्या वारंवारता मोजते आणि त्यांचे आकडे ढोबळ करून साठवते. ढोबळ करताना झालेली चूक गोंगाट होऊन त्या तुकड्याभर पसरते. सूर लांबवला असेल तर हा गोंगाट सुराखाली झाकला जातो. ताशाची काडी पडते तेव्हा आधी शांतता असते आणि एका क्षणात कडाडते. कडाडण्याचा गोंगाट तुकड्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे काडी पडण्याच्याही आधी ऐकू येतो. त्याला प्री-एको म्हणतात. तो आला की प्रहाराची धार जाते. एन्कोडरला हे ठाऊक असते, म्हणून असा प्रहार आला की तो ५७६ नमुन्यांच्या तुकड्याऐवजी १९२ चे तीन छोटे तुकडे घेतो. पण छोट्या तुकड्यांना बिट जास्त लागतात, आणि तुमचा ताशा सेकंदाला दहा-पंधरा वेळा कडाडतो. १२८ मध्ये तेवढे बिट उरतच नाहीत. झांजेचा सगळा जीव वरच्या वारंवारतांत, आणि बिट कमी पडले की पहिली कपात तिथेच होते. ते पाण्यात बुडाल्यासारखे वाटणे त्यातून येते.

लेम एन्कोडरवर व्ही० ही बदलत्या बिटरेटची पातळी घ्या. सरासरी २४५ केबीपीएसच्या आसपास जाते आणि गरजेच्या जागी ३२० पर्यंत चढते. एएसी चालत असेल तर २५६ घ्या, त्याचे छोटे तुकडे १२८ नमुन्यांचे असतात आणि ताशाला ते अधिक मानवतात. 'जॉइंट स्टिरिओ' बंद करण्याचा सल्ला पथकांमध्ये फिरतो, तो पाळू नका. लेममध्ये तो पर्याय प्रत्येक चौकटीपुरता फायदा असेल तेव्हाच वापरला जातो, आणि त्याने वाचलेले बिट ताशाच्या कामी येतात.

फाइल ग्रुपवर टाकताना ती 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, म्हणजे जशी आहे तशी पोहोचेल.

दुसरी शक्यताही तपासा. ऑडॅसिटीत मूळ वेव्ह उघडा आणि लाटांची टोके छताला टेकून सपाट झालीत का बघा. तसे असेल तर ते रेकॉर्डिंगच फाटलेले आहे, कन्व्हर्टरचा त्यात दोष नाही आणि कोणत्याही फॉरमॅटने ते सांधणार नाही. पुढच्या सरावात २४ बिट ठेवा, ऑटो गेन बंद करा, लो कट बंद करा, नाहीतर ढोलाचा घुमारा जातो. सगळे पथक पूर्ण जोरात वाजत असताना काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे लावा. २४ बिटांत एवढी जागा सोडल्याने काही बिघडत नाही. नंतर फ्लॅकमध्ये मूळ ठेवा आणि एमपी३ करण्याआधी शिखर उणे १ डेसिबलवर आणा, शून्यावर नको. एमपी३ उलगडताना लाटेची टोके मुळापेक्षा थोडी वर जातात, आणि शून्याला टेकलेला ताशा तिथे पुन्हा फाटतो.

गाडीत पेन ड्राइव्ह लावतो. फ्लॅक वाजत नाहीत, मराठी नावांच्या जागी चौकोन येतात आणि गाणी भलत्याच क्रमाने लागतात. उपाय?
— एक वाचक, सिडको

तिन्ही तक्रारींची कारणे वेगळी आहेत. पुष्कळ गाड्यांच्या स्टिरिओला फ्लॅक कळत नाही, म्हणून गाडीसाठी वेगळी एमपी३ प्रत काढा. फूबार२००० हा प्लेअर आणि त्याचा मोफत एन्कोडर पॅक बसवा. फ्लॅक फाइली निवडून उजवे क्लिक, कन्व्हर्ट, एमपी३ लेम, व्ही२. सरासरी १९० केबीपीएस येते. कसाऱ्याच्या घाटात इंजिन आणि टायरांच्या आवाजात व्ही२ आणि फ्लॅक यांतला फरक कोणालाही सांगता येणार नाही. अगदी जुना स्टिरिओ बदलत्या बिटरेटवर वेळ चुकीची दाखवतो, तसे झाले तर स्थिर १९२ घ्या. मूळ २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झचे असेल तर कन्व्हर्टरच्या प्रोसेसिंगमध्ये रिसॅम्पलर जोडून ४४.१ वर आणा, एमपी३ला ४८ च्या वर जाताच येत नाही.

चौकोनांचे कारण टॅग, म्हणजे फाइलीच्या आतच लिहिलेली गाण्याची आणि गायकाची नावे. टॅग लिहिण्याची जुनी पहिली आवृत्ती ३० अक्षरांची आणि फक्त रोमन लिपीपुरती. एमपी३टॅग या प्रोग्रॅमच्या पर्यायांत 'आयडी३व्ही२.३ यूटीएफ-१६' निवडा आणि सगळ्या फाइली पुन्हा साठवा. तरीही चौकोन आले तर स्टिरिओत देवनागरीचा फाँटच नाही. तिथे गाडीच्या प्रतीपुरती नावे रोमनमध्ये लिहा. मूळ फ्लॅकमधली देवनागरी नावे तशीच राहू द्या. फ्लॅकचे टॅग मुळातच यूटीएफ-८ मध्ये असतात आणि तिथे मराठी बिनधोक टिकते.

क्रमाचे कारण असे की बरेच स्टिरिओ नावांची क्रमवारी लावत नाहीत, पेन ड्राइव्हवर ज्या क्रमाने फाइली लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. नावाआधी ०१, ०२ असे दोन अंकी आकडे घाला. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा आणि फोल्डर एकेक करून, क्रमाने कॉपी करा. ३२ जीबीचाच घ्या. त्याहून मोठ्यावर बऱ्याच विंडोजच्या फॉरमॅट खिडकीत एफएटी३२ चा पर्याय दिसत नाही. मुखपृष्ठाचे चित्र ५०० पिक्सेलच्या आतले साधे जेपीजी ठेवा, मोठ्या चित्रांनी काही स्टिरिओ अडखळतात.

आमच्या वाचनालयात जुन्या व्याख्यानांच्या १२० कॅसेट आहेत, सगळ्या ९० मिनिटांच्या. सभासदांना ऐकायला द्यायच्या आहेत. थेट एमपी३मध्ये घेतल्या तर चालेल का?
— वाचनालयाचे एक कार्यकर्ते, नाशिकरोड

थेट एमपी३त घेऊ नका. ही कॅसेट पुन्हा पाच वर्षांनी वाजेलच असे नाही, म्हणजे तुम्ही जी फाइल कराल तीच पुढे मूळ होणार आहे. खरखर कमी करणे, आवाज उचलणे, तुकडे करणे ही सगळी कामे नंतर करावी लागतात, आणि एमपी३वर खरखर काढण्याचा प्रोग्रॅम चालवला की शब्दांभोवती धातूसारखा किणकिणाट उरतो.

कामाचा बराचसा भाग संगणकाच्या आधीचा आहे. डेकचे हेड आणि कॅप्स्टन (टेप ओढणारी फिरती दांडी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा. दर चार-पाच कॅसेटींनी पुन्हा पुसा, जुन्या टेपचा तपकिरी थर हेडवर बसत राहतो. कॅसेट वर्षानुवर्षे वाजली नसेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. टेपमागचा नमद्याचा छोटा गादीसारखा तुकडा गळून पडला असेल तर आवाज येतो-जातो. अशा वेळी स्क्रूच्या नव्या कॅसेटमध्ये रिळे हलवा.

मग ॲझिमथ. हेडच्या शेजारी स्प्रिंग असलेला एक छोटा स्क्रू असतो, त्याने हेडचा कल बदलतो. व्याख्यान ज्या यंत्रावर घेतले त्याचा कल तुमच्या डेकशी जुळला नाही, तर 'स', 'श', 'च' मंद होतात आणि वक्ता तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखा वाटतो. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोत ऐका आणि स्क्रू अष्टमांश फेऱ्याहून कमी-कमी फिरवत 'स' सर्वांत स्पष्ट येईल तिथे थांबा. सुरुवातीची जागा खुणेने टिपून ठेवा. हे प्रत्येक कॅसेटला करावे लागते. नंतर ट्रेबल वाढवून ही उणीव भरत नाही, खरखर तेवढी वाढते. डॉल्बीचे बटण कॅसेटवर तशी नोंद असेल तरच चालू करा.

लॅपटॉपच्या एकुलत्या हेडफोन-माइक छिद्रात तार घालू नका. तिथे फक्त एका चॅनेलचा माइक असतो. लाइन-इन असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या आणि डेकच्या मागच्या लाइन-आउटमधून जोडा. ऑडॅसिटीत ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ, शिखर उणे ६ ते उणे १० डेसिबल. सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजातला पल्ला कॅसेटचा ५०–६० डेसिबलचा, १६ बिटांचा ९६. तेव्हा पातळी नीट बसवून झाली की साठवणीला १६ बिट पुरेसे आहेत, मात्र २४ वरून १६ वर येताना डिदर चालू ठेवा. डिदर म्हणजे अगदी बारीक गोंगाट मिसळणे. तो नसेल तर शेवटचे बिट कापताना मंद आवाजात करकर येते. ९० मिनिटे वेव्हमध्ये ९५० एमबी होतात आणि फ्लॅकमध्ये ढोबळ मानाने निम्मी. म्हणजे १२० कॅसेटींना ६० ते ७० जीबी धरा. एक प्रत वाचनालयात ठेवा, दुसरी हार्ड डिस्क दुसऱ्या इमारतीत. फ्लॅकमध्ये मूळ ध्वनीचा एमडी५ ठसा आतच साठवलेला असतो, त्यामुळे वर्षातून एकदा फूबारच्या फाइल इंटिग्रिटी व्हेरिफायरने सगळ्या फाइली तपासून घेता येतात. सडलेली फाइल तो नावानिशी दाखवतो, वेव्हमध्ये ही सोय नाही.

सभासदांसाठीची प्रत वेगळी. तिच्यावर खरखर थोडी कमी करा, ६ ते ९ डेसिबलच्या वर जाऊ नका. मोनो करताना दोन चॅनेल मिसळण्याआधी दोन्ही वेगवेगळे ऐका आणि एक स्वच्छ असेल तर तोच घ्या, कारण कलात किंचित फरक राहिला असेल तर मिसळल्याने वरचे स्वर एकमेकांना खातात. एमपी३ ६४ केबीपीएस मोनोमध्ये ९० मिनिटे ४३ एमबीत बसतात. ओपस ३२ केबीपीएसला त्याच्या निम्म्यात आणि बोलणे तितकेच स्पष्ट. पण ज्येष्ठ सभासदांच्या जुन्या फोनचा विचार करता एमपी३च द्या.

एक कायद्याची बाजू. जाहीर भाषणाचा पहिला हक्क भाषण करणाऱ्याचा असतो आणि आपल्या कायद्यात तो मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो. इंटरनेटवर ठेवण्याआधी लेखी परवानगी घ्या.

कीर्तन सलग तीन तास रेकॉर्ड केले, रेकॉर्डरने दोन फाइली केल्या. जोडल्यावर मध्ये टाळ अडखळतो.
— एक वारकरी वाचक, त्र्यंबकेश्वर

वेव्ह फाइलीच्या सुरुवातीला तिचा आकार ३२ बिटांत लिहिलेला असतो, म्हणून ती ४ जीबीच्या पुढे जात नाही. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ स्टिरिओत ही मर्यादा दोन तास चार मिनिटांना येते. ४४.१ आणि १६ बिट असते तर पावणेसात तास मिळाले असते. कीर्तनाला २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ भरपूर आहे. काही रेकॉर्डर मात्र २ जीबीलाच फाइल तोडतात.

रेकॉर्डरने तोडताना बहुतेक वेळा एकही नमुना गाळलेला नसतो. टाळ अडखळतो, कारण दोन्ही तुकडे आधी एमपी३ करून मग जोडले असावेत. प्रत्येकाच्या टोकाला भरलेली शांतता मध्ये आली. मूळ वेव्ह कार्डावर असतील तर ऑडॅसिटीत पहिली उघडा, दुसरी तिच्या शेवटाला अगदी चिकटवून ठेवा, फ्लॅक म्हणून साठवा आणि एमपी३ त्यावरून काढा. कार्ड फॉरमॅट करण्याआधी हे करून घ्या.

३२०ची एमपी३ आणि फ्लॅक यांत मला फरक ऐकू येतो असे वाटते. घरचे मानत नाहीत.
— एक महाविद्यालयीन वाचक, कॉलेज रोड

मोजून पाहा. फूबार२०००ला एबीएक्स हा जोड बसवा. तो न सांगता दोन्हींपैकी एक वाजवतो आणि कोणती ते तुम्ही ओळखायचे. एकाच फ्लॅकवरून स्वतः ३२०ची एमपी३ करा, कुठून तरी आणलेली नको, कारण तिचे मास्टरिंग वेगळे असू शकते. पातळी सारखी करण्याचा पर्याय चालू ठेवा. एका डेसिबलने मोठी असलेली फाइल प्रत्येकाला चांगलीच वाटते. मग सोळा फेऱ्या करा. सोळापैकी बारा किंवा अधिक बरोबर आले, तर ते नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता शंभरात चारच्या आत आहे. आठ-नऊ आले तर तो नाणेफेकीचा निकाल आहे.

तार असलेला हेडफोन वापरा. साध्या एसबीसी ब्लूटूथवर ध्वनी पुन्हा एकदा, बहुधा ३२८ केबीपीएसला, लॉसी होऊनच कानात येतो. तिथे फ्लॅक आणि एमपी३ दोन्ही त्याच गाळणीतून जातात. आणि बारा आले नाहीत तरी फ्लॅक पुसू नका. आज ३२०ची, उद्या ओपसची, परवा आणखी कशाची प्रत लागली तर ती त्याच फ्लॅकवरून काढायची आहे.